फोटो वाचता आला नाही, म्हणजे डोळा निरोगी नव्हे

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील शासकीय नेत्रसेवेचे नियोजन ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी, तसेच जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी यांस

विषय : डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून तो कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) वाचणारा कॅमेरा आल्याचे कारण देऊन ग्रामीण भागातील नेत्रतपासणीचे दिवस कमी करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

मी तीस वर्षे शासकीय सेवेत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम केले आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. सुरगाणा, पेठ, कळवण आणि दिंडोरी या तालुक्यांत माझी बहुतेक नोकरी झाली. शाळेच्या वर्गखोलीच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार करायचा, बाकावर ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि टॉर्च घेऊन एकेकाची बाहुली पाहत पुढे सरकायचे, अशा शिबिरांत मी हे काम शिकलो. मी डॉक्टर नाही. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत कोणाला आणि किती तातडीने पोहोचवायचे, हे ठरवण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे आणि त्याच अधिकाराने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका शासकीय रुग्णालयात गेलो असता नेत्रविभागाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. नेत्रचिकित्सा अधिकारी महिन्यातून एकदा उपलब्ध असतील, इतर दिवशी डोळ्यांचे फोटो काढून मिळतील, असे त्यावर लिहिले होते. पूर्वी हे अधिकारी आठवड्यातून दोन दिवस येत असत. चौकशी केली तेव्हा मला सांगण्यात आले की, आता मशीनच तपासते, मग माणूस बसवून ठेवण्याची गरज काय? त्या रुग्णालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण एका रुग्णालयाला दोषी ठरवणे हा या पत्राचा हेतू नाही. प्रश्न त्या कागदामागच्या विचाराचा आहे, आणि तो विचार वेळीच थांबवला नाही तर उद्या असाच कागद दुसऱ्या तालुक्यांच्या दारांवरही लागेल.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा आजार, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि नजरही कमी करत नाही. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना फुगे येतात, त्या पाझरतात, ठिकठिकाणी रक्ताचे ठिपके पडतात, आणि हे सर्व चालू असताना माणूस सुईत दोरा ओवत असतो. त्याला त्रास जाणवेपर्यंत बरेचसे नुकसान झालेले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण दर आठ जणांत एकाच्या पडद्यावर हा आजार आढळला. इतक्या लोकांचे पडदे दरवर्षी पाहायला तज्ज्ञ पुरणार नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकला येण्यात माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडते, हे मी तीस वर्षे पाहिले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने ही अडचण कमी होऊ शकते, याचे पुरावेही आहेत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये गुगलच्या संशोधकांनी ज्या प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिला पडद्याची सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रे दाखवून शिकवले होते आणि त्यांत आपल्या देशातील नेत्र रुग्णालयांतील छायाचित्रेही होती. पुढे मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथील रुग्णांवर तिची प्रत्यक्ष पडताळणी झाली. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका प्रणालीला डॉक्टरांच्या मताशिवाय निष्कर्ष देण्याची परवानगी दिली. आपल्या मुंबईत, महानगरपालिकेच्या दवाखान्यांमध्ये, इंटरनेटशिवाय मोबाइलवर चालणारी एआय प्रणाली दोनशेहून अधिक मधुमेहींवर तपासली गेली आणि पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण तिच्या नजरेतून सुटला नाही, असे २०१९ च्या अहवालात नोंदलेले आहे. म्हणजे हे तंत्र परके नाही आणि निरुपयोगी तर मुळीच नाही.

त्यानंतर कोविडची महामारी आली. डोळे तपासणे हे मुळात तोंडासमोर तोंड नेऊन करायचे काम आहे. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या उपकरणावर, बसलेला रुग्ण आणि तपासणारा यांच्या चेहऱ्यांमध्ये वीतभराहून फार अंतर राहत नाही. साथीची धोक्याची सूचना सहकाऱ्यांना देणारे आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने गेलेले वुहानचे डॉ. ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञच होते. शिबिरे बंद झाली, ठरलेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, पडद्याची नियमित तपासणी थांबली. त्या वेळी ते आवश्यकच होते. दुसऱ्या लाटेत मधुमेही रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागले, त्याने साखर आणखी चढली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे काढावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांचे डोळे त्या बुरशीतून वाचले, त्या असंख्य मधुमेहींच्या पडद्यांकडे मात्र दोन दोन, तीन तीन वर्षे कोणीही पाहिले नाही. दुरून फोटो काढून एआयने वाचण्याची पद्धत आरोग्य यंत्रणांना त्या काळात जवळची वाटू लागली ती याच पार्श्वभूमीवर, आणि ते स्वाभाविक होते.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्या असंख्यांपैकी एक आहेत. दिंडोरी तालुक्यात त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेत काडीवरच्या कळीला डोळाच म्हणतात, आणि ऑक्टोबर छाटणीला कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे हे अण्णा नुसत्या नजरेने ठरवत असत. शेजारचे बागाईतदारही त्यांना आपल्या बागेत बोलावून नेत. २०११ पासून त्यांना मधुमेह आहे. मी नोकरीत होतो तोपर्यंत दरवर्षी थेंब घालून त्यांचा पडदा डॉक्टरांना दाखवत आलो. २०२० च्या मार्चअखेर त्यांची तपासणी ठरली होती, ती टाळेबंदीत राहिली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला, स्टेरॉइड द्यावे लागले आणि साखर चारशेच्या पुढे गेली. रोज सकाळी फोन करून मी त्यांना नाकातून काळे काही येते का, डोळ्यामागे दुखते का, एवढेच विचारत असे. त्यातून ते बरे झाले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

२०२३ च्या पावसाळ्यात त्या रुग्णालयात कॅमेरा आला. माझ्याकडे आता उपकरणे नाहीत, म्हणून मीच अण्णांना तेथे जाऊन फोटो काढून घेण्यास सांगितले. फोटो काढून झाल्यावर त्यांच्या हातात एक कागद देण्यात आला आणि टेबलावरची व्यक्ती म्हणाली, ‘बाबा, नॉर्मल आहे, या तुम्ही.’ अण्णांनी मला फोनवर तेच सांगितले आणि मी निश्चिंत झालो. कागद मी स्वतः पाहिला नाही, याचे दुःख मला कायम राहील.

२०२४ च्या जानेवारीत, बागेत माल उतरवण्याची घाई चालू असताना, अण्णांच्या डाव्या डोळ्यापुढे आधी कोळिष्टकांसारखे धागे तरंगू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्यापुढे काळोख झाला. पडद्यावर उगवलेल्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव झाला होता. नाशिकला शस्त्रक्रिया झाली. आज त्या डोळ्यापुढे हात हलवला तर तो हलल्याचे त्यांना कळते, त्यापलीकडे काही नाही. त्या धावपळीत मी तो कागद पहिल्यांदा पाहिला. कागद इंग्रजीत होता. उजव्या डोळ्यासमोर पुढे पाठवण्याची गरज नाही अशा अर्थाचे वाक्य होते, आणि डाव्या डोळ्यासमोर ‘अनग्रेडेबल’ हा एकच शब्द होता.

म्हणजे यंत्र खोटे बोलले नव्हते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, त्यामुळे पडदा स्पष्ट दिसत नव्हता, आणि मला हा डोळा वाचता येत नाही, असे यंत्राने प्रामाणिकपणे छापले होते. उजव्या डोळ्याबद्दलही त्याचा निष्कर्ष नंतर नाशिकच्या तज्ज्ञांनी बरोबर ठरवला. चूक त्या शब्दाचा अर्थ लावण्यात झाली, आणि तो अर्थ लावायला तेथे जाणकार माणूस नव्हता. त्या दिवशी नेत्रचिकित्सा अधिकारी खोलीत असते, तर टॉर्चच्या एका झोतात त्यांना मोतीबिंदू दिसला असता, थेंब घालून पुन्हा फोटो निघाला असता, आणि तोही निघाला नसता तर अण्णांना त्याच आठवड्यात नाशिकला पाठवले गेले असते. रक्तस्राव होण्याआधी त्या कच्च्या रक्तवाहिन्यांवर लेझर करता येते. पाच महिने हातात होते.

ही घटना आमच्या घरापुरती असती तर मी पत्र लिहिले नसते. परंतु मला त्या निर्णयामागे काही गंभीर त्रुटी दिसतात आणि त्या एकेक करून मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी त्रुटी न वाचता येणाऱ्या फोटोंची आहे. २०२० मध्ये थायलंडमधील अनुभव प्रसिद्ध झाला. तेथील अकरा दवाखान्यांमध्ये हीच कल्पना राबवली होती आणि पहिल्या सहा महिन्यांत यंत्राकडे दिलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे अपुऱ्या दर्जाची म्हणून यंत्राने नाकारली. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट मंद होते, आणि ज्या परिचारिकांवर हे काम होते त्यांच्यामागे इतर रुग्णांची रांग होती. आपल्याकडे परिस्थिती त्याहून सोपी नाही. ज्या वयात मधुमेह जुना होतो त्याच वयात मोतीबिंदूही पिकतो, वयोमानाने बाहुलीही लहान होते, त्यामुळे ज्या डोळ्यांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे तेच डोळे यंत्राला नीट दिसत नाहीत. असा प्रत्येक डोळा संशयित समजून पुढे पाठवायचा असतो. त्याऐवजी तो निरोगी समजून घरी पाठवला जात असेल, तर त्या तपासणीपेक्षा तपासणी न झालेली बरी, कारण तपासणी न झालेला माणूस निदान स्वतःला तपासलेला तरी समजत नाही.

थेंबांचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की बहुतेक फोटो सुधारतात. मात्र काही जणांच्या डोळ्यांची ठेवण अशी असते की थेंबांनी डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो. म्हणून आधी कडेने टॉर्च मारून बाहुलीपुढची जागा उथळ तर नाही ना, हे पाहावे लागते. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते शिकलेल्या माणसाचे काम आहे. माणूस काढून घेतला की थेंब बंद होतात, आणि थेंब बंद झाले की अनग्रेडेबल कागद वाढत जातात.

दुसरी गोष्ट अशी की, हे यंत्र एकाच आजारासाठी शिकवलेले आहे. मधुमेहाचा पडदा ठीक असल्याचे ते सांगते तेव्हा डोळा ठीक आहे असे ते म्हणत नसते. काचबिंदू, बुबुळावरची जखम, कांदा काढताना डोळ्यात गेलेली कुसळ, शाळकरी मुलाचा वाढता नंबर यांपैकी काहीही ते तपासत नाही. आठवड्यातून दोन दिवस जो अधिकारी हे सारे पाहत होता, त्याच्या जागी एका आजाराचा फोटो काढणारे यंत्र ठेवून आपण सेवा वाढवली आहे की कमी केली आहे, याचा हिशेब आपणच करावा.

तिसरी तक्रार नियमांची आहे. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एआयवर आधारित व्यवस्थेने रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, ती नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करू शकते, असे त्यांत स्पष्ट आहे. महामारीच्या ऐन गडबडीतही हे लिहिण्याचे भान ठेवले गेले. आज परिस्थिती निवळली असताना मात्र यंत्राचा कागद हाच अंतिम सल्ला ठरतो आहे, कारण तो वाचून सही करणारे कोणी नाही. पडद्याच्या फोटोंचे काय होते, ते कोणाकडे आणि किती काळ राहतात, हेही अण्णांना कोणी सांगितले नाही. अंगठा मात्र घेतला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, एवढेच येथे नमूद करतो.

शेवटची तक्रार आकड्यांबद्दल आहे. कार्यक्रमाच्या यशाबद्दल बोलताना किती फोटो निघाले एवढेच सांगितले जाते. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींच्या डोळ्यांची देशव्यापी तपासणी उभी राहिली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातील अंधत्वाच्या कारणांत निदान पाच दशकांनी प्रथमच मधुमेह पहिल्या क्रमांकावर राहिला नाही. तेव्हा तेथे फोटो माणसेच वाचत होती. प्रत्येक मधुमेहीचे नाव यादीत होते, दरवर्षी बोलावणे जात होते, आणि दोष निघालेल्या व्यक्तीला उपचाराच्या दारापर्यंत नेले जात होते. आपल्याकडे तमिळनाडूत अरविंदच्या खेड्यांतील दृष्टिकेंद्रांवर प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळा तपासतो आणि रुग्ण तेथेच बसलेला असताना मुख्य रुग्णालयातील डॉक्टर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवरून बोलतात. एआयने यात भर घालावी. या साखळीतील माणसांची जागा त्याने घ्यावी, असे या क्षेत्रातील कोणीही जाणकार म्हणणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांचे आठवड्यातील दोन दिवस तातडीने पूर्ववत करावेत आणि कॅमेरा त्याच दिवशी, त्यांच्या देखरेखीखाली चालवावा. इतर दिवशी फोटो काढायचेच असतील तर ते त्याच आठवड्यात त्यांच्या नजरेखालून जावेत. ज्या डोळ्याचा फोटो वाचता येणार नाही, त्याला थेंब घालून पुन्हा फोटो काढावा आणि तरीही वाचता आला नाही तर त्या व्यक्तीला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणे सक्तीचे करावे. रुग्णाच्या हाती पडणारा कागद मराठीत असावा, दोन्ही डोळ्यांचा निष्कर्ष स्वतंत्र आणि मोठ्या अक्षरांत असावा, आणि या तपासणीत काचबिंदू व इतर आजार पाहिलेले नाहीत, असे त्यावर स्वच्छ लिहावे.

पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाला तारीख, ठिकाण आणि एका कर्मचाऱ्याचा फोन नंबर द्यावा. तो रुग्ण पंधरा दिवसांत पोहोचला नाही तर गावच्या आशाताईंमार्फत चौकशी व्हावी, आणि या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. फुकट कामांचे ओझे त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे.

दर महिन्याला तालुकावार पाच आकडे जाहीर करावेत : किती जणांचे फोटो काढले, किती वाचता आले नाहीत, किती जणांना पुढे पाठवले, त्यांपैकी किती पोहोचले आणि किती जणांवर उपचार झाले. यंत्राच्या निष्कर्षांची स्वतंत्र पडताळणी आपल्याच जिल्ह्यातील रुग्णांवर व्हावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. त्यांना हे काम करण्याची विनंती करायला आपल्याला मुंबई-दिल्लीला जावे लागणार नाही.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत जिल्ह्याची सारी आरोग्य यंत्रणा गुंतणार आहे, याची मला जाणीव आहे. २०१५ च्या सिंहस्थात मीही कर्तव्यावर होतो आणि त्या काळात गावाकडच्या ओपीडीला माणूस कसा उरत नाही, हे जवळून पाहिले आहे. म्हणूनच या मागण्या आज करत आहे. माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी जिल्ह्यात आहेत. थेंब घालण्याच्या आणि कागद समजावून सांगण्याच्या टेबलावर आठवड्यातून एक दिवस विनामोबदला बसण्याची माझी तयारी आहे, तशी आपण परवानगी द्यावी.

अण्णा यंदाही छाटणीच्या वेळी बागेत होते. काडी हातात धरून, बोटाने खालून वर चाचपत, ते डोळे मोजत होते आणि कात्री पुतण्याच्या हातात होती. त्यांच्या उजव्या डोळ्याची तपासणी आता दर चार महिन्यांनी करावी लागते आणि त्यासाठी त्यांना प्रत्येक वेळी नाशिकला आणावे लागते. त्यांच्या संमतीने, नाव झाकून, त्या कागदाची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयांना स्वतंत्रपणे पाठवली आहे. दारावरचा तो कागद केव्हा काढला जाईल आणि वरील मागण्यांपैकी कोणती कधीपर्यंत अमलात येईल, याचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी
नाशिक